दोन टक्केवाऱ्यांतला फरक खरा की योगायोग, हे तपासतात कसं

दोन गटांची टक्केवारी तंतोतंत सारखी जवळपास कधीच येत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करून घ्या. एकाच शाळेतली एकाच वयाची पोरं घेतली, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडले, आणि काहीही न करता वर्षभर नुसतं बघत बसलो, तरी वर्षाअखेरीस एका गटात आजारी पडलेली पोरं थोडी जास्त निघतील आणि दुसऱ्यात थोडी कमी. फरक हा असणारच. त्यामुळे "फरक आहे का" असं विचारण्यात काही अर्थ नाही, विचारायचं असं की दिसतोय तो फरक योगायोगाने एरवीही पडतो तेवढाच आहे की त्याच्या बराच पुढे गेलाय? पुस्तकात जिला "टू प्रपोर्शन झेड टेस्ट" म्हणतात ती एवढंच करते. बाकी सगळं मोजमाप आहे.

बीएस्सी, एमबीए, नर्सिंग, फार्मसी, सगळीकडे ही टेस्ट शिकवतात, पोरं फॉर्म्युला पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि महिन्याभरात विसरतात. यात पोरांचा फारसा दोष नाही, कारण पुस्तकातली उदाहरणं बघा, अमुक कारखान्यात इतके बल्ब खराब आणि तमुक कारखान्यात तितके, कोणाला काय पडलंय त्या बल्बांचं. म्हणून इथे बहुतेक खरी उदाहरणं घेतलीत, आणि पहिलं तर असं की ज्याच्या निकालाची अख्खी अमेरिका वाट बघत होती.

१९५२ साली अमेरिकेत पोलिओची मोठी साथ आली, त्या एका वर्षात जवळजवळ ५८,००० केसेस झाल्या. उन्हाळा आला की आईबाप पोरांना स्विमिंग पूलवर पाठवायचे नाहीत, थिएटरात न्यायचे नाहीत अशी परिस्थिती. त्यात जोनास सॉल्कने लस तयार केली. पण ती चालते का हे ठरवायचं कसं? पोलिओची पंचाईत अशी की साथीच्या वर्षातही लाखात काही डझन पोरांनाच तो दिसेल इतपत व्हायचा आणि एका वर्षाचा आकडा दुसऱ्या वर्षाशी अजिबात जुळायचा नाही, एका वर्षी दणकून तर पुढच्या वर्षी निम्मा. म्हणजे सगळ्यांना लस टोचून "बघा गेल्या वर्षीपेक्षा कमी झाला" म्हणायची सोयच नव्हती, तो आपोआपही कमी होऊ शकत होता. म्हणून १९५४ च्या एप्रिलपासून शाळेतल्या पहिली ते तिसरीच्या पोरांवर प्रचंड मोठी चाचणी झाली. काही भागांमध्ये असं केलं की आईबापांनी होकार दिलेल्या पोरांपैकी निम्म्यांना खरी लस आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली सुई, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळालं हे बाटलीवरच्या कोड नंबरवरून फक्त वर बसलेल्यांना कळणार, पोराला नाही, आईबापांना नाही, टोचणाऱ्या डॉक्टरलाही नाही, आणि पुढे पोरगं आजारी पडल्यावर "हा पोलिओ आहे की नाही" हे ठरवणाऱ्यालाही नाही.

निकाल असा आला. लस घेतलेली पोरं २,००,७४५, त्यात पोलिओ झाला ५७ जणांना. प्लासिबोवाली पोरं २,०१,२२९, त्यात पोलिओ झाला १४२ जणांना. लाखात बोलायचं तर २८ विरुद्ध ७१.

बघितल्या बघितल्या वाटतं की झालं, लस चालते, आता टेस्ट कशाला. पण कोणी खवट माणूस म्हणेल की अहो चार लाख पोरांत दोनशे केसेस, म्हणजे चिमूटभर, त्यातल्या ५७ इकडे पडल्या काय आणि १४२ तिकडे पडल्या काय, नशिबाचा खेळ आहे. ह्या माणसाला हसू नका. सगळी टेस्ट त्याचंच म्हणणं गंभीरपणे घेऊन सुरू होते.

समजा त्याचंच बरोबर आहे. लस म्हणजे नुसतं पाणी, तिने काही होत नाही. मग ही एकूण १९९ पोरं (५७ अधिक १४२) लस असो वा नसो, आजारी पडणारच होती. दोन्ही गट जवळपास सारखेच मोठे, त्यामुळे ह्यातलं प्रत्येक पोरगं लसवाल्या गटात गेलं की प्लासिबोवाल्या, हे म्हणजे नाणं उडवल्यासारखं झालं, छापा आला तर इकडे आणि काटा आला तर तिकडे. तर प्रश्न एवढाच उरला की १९९ वेळा नाणं उडवलं तर फक्त ५७ छापे येऊ शकतात का?

सरासरीने यायला पाहिजेत साडेनव्व्याण्णव. पण बरोब्बर तेवढे कोण देतंय, थोडे इकडे तिकडे होणारच. किती इकडे तिकडे, ह्याचं एक सोपं माप आहे, जितक्या वेळा नाणं उडवलं त्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि निम्मं करायचं. १०० वेळा उडवलं तर वर्गमूळ १०, निम्मे ५, म्हणजे साधारण ५० च्या आजूबाजूला पाचेक छापे इकडे तिकडे चालतात. ह्या पाचाला स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात. ह्याच्या दुप्पट, म्हणजे ४० ते ६० मध्ये, शंभरातल्या ९५ वेळा उत्तर येतं. तिप्पटीच्या बाहेर जायची वेळ साधारण ३७० वेळात एकदा. आणि पुढे तर फारच भराभर दुर्मिळ होत जातं.

आता आपल्या १९९ ला लावा. वर्गमूळ १४.१, निम्मं ७. अपेक्षा साडेनव्व्याण्णवची, आले ५७, म्हणजे साडेबेचाळीसने कमी. साडेबेचाळीस भागिले सात, जवळजवळ ६. सहा स्टँडर्ड डेव्हिएशन! दोनच्या बाहेर जाणं वीसातून एकदा होतं, तीनच्या बाहेर जाणं ३७० त एकदा, आणि सहाच्या बाहेर जाणं पन्नास कोटींत एकदा. नुसत्या योगायोगाने हे व्हायचं तर पन्नास कोटी वेळा अख्खी चाचणी करायला लागेल तेव्हा कुठे एकदा असा निकाल दिसेल. खवट माणसाला आता गप्प बसायला हरकत नाही.

झाली की टेस्ट. खरंच झाली. ज्याला फॉर्म्युला बघून घाम फुटतो त्याने एवढं लक्षात ठेवलं तरी दोन सारख्या गटांचं आणि क्वचित घडणाऱ्या गोष्टीचं काम कागदाच्या कोपऱ्यावर होऊन जातं.

आता पुस्तकी फॉर्म्युला काय वेगळं करतो? तो गट लहानमोठे असले तरी चालतो आणि गोष्ट क्वचित घडणारी नसली तरी चालतो, एवढंच. पहिलं पाऊल, दोन्ही गट एकत्र करून एकच प्रमाण काढायचं, आपल्याकडे १९९ भागिले ४,०१,९७४, म्हणजे लाखात साडेएकोणपन्नास. इथे बरेच जण अडतात की दोन वेगळी प्रमाणं हातात असताना एकत्र कशाला करायचं, तर कारण तेच, आपण खवट माणसाचं म्हणणं धरून चाललोय की दोन्ही गट मुळात सारखेच आहेत, ह्यालाच नल हायपोथेसिस म्हणतात, आणि सारखेच असतील तर खरं प्रमाण एकच आणि त्याचा सगळ्यात चांगला अंदाज म्हणजे सगळा डेटा एकत्र करून. दुसरं पाऊल, ते एकत्र प्रमाण गुणिले (एक वजा ते प्रमाण), आणि त्याला गुणिले (एक भागिले पहिल्या गटाची संख्या अधिक एक भागिले दुसऱ्या गटाची संख्या), आणि आलेल्या उत्तराचं वर्गमूळ. ह्याला स्टँडर्ड एरर म्हणतात, योगायोगाने फरक साधारण केवढा पडतो त्याचं माप. आपल्या आकड्यांना ते येतं लाखात ७.०. तिसरं पाऊल, खरा दिसलेला फरक, लाखात ४२.२, भागिले ७.०. उत्तर ६.०१. हाच झेड. नाण्याने काढलेलं उत्तर आणि हे जवळपास तेच आलं, कारण आतून दोन्ही एकच आहेत. (काही पुस्तकांत हाच हिशोब काय-स्क्वेअर टेस्ट म्हणून येतो, दोन बाय दोनचा तक्ता करून. घाबरू नका, तिथलं उत्तर म्हणजे ह्याच झेडचा वर्ग, ३६ च्या आसपास येईल, निष्कर्ष तोच.)

झेडवरून जी "पन्नास कोटींत एकदा" वाली संख्या निघते ती पी-व्हॅल्यू. तिच्याबद्दल जेवढा घोळ आहे तेवढा सगळ्या स्टॅटिस्टिक्समध्ये दुसऱ्या कशाबद्दल नसेल. पी-व्हॅल्यू ०.०३ आली की लोक म्हणतात "लस निरुपयोगी असण्याची शक्यता ३ टक्के". नाही. ती असं सांगते की लस निरुपयोगी आहे असं धरलं तर एवढा किंवा ह्याहून मोठा फरक दिसायची शक्यता ३ टक्के. ऐकायला सारखंच वाटतं पण दिशा उलटी आहे, एकीकडे आपण लसीबद्दल बोलतोय, दुसरीकडे डेटाबद्दल. आणि ०.०५ च्या खाली आलं की "सिग्निफिकंट", म्हणजे नुसता योगायोग नाही असं मानायचं, हा जो उंबरठा आहे तो काही निसर्गाने घालून दिलेला नाही, १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर ह्या संख्याशास्त्रज्ञाने सोयीचा म्हणून वापरला आणि मग जगाने तो देवासारखा पुजला.

त्या उंबरठ्यावर काय मजा होते ते बघायला थायलंडला जाऊ. २००३ पासून तिथल्या रयाँग आणि चोनबुरी प्रांतांत एचआयव्हीच्या लसीची चाचणी झाली, १६,४०२ लोक, निम्म्यांना लस आणि निम्म्यांना प्लासिबो. सप्टेंबर २००९ मध्ये निकाल जाहीर झाला, लस गटात एचआयव्ही झाला ५१ जणांना, प्लासिबो गटात ७४ जणांना. धोका ३१ टक्के कमी, जगभर हेडलाइन, एचआयव्हीची पहिली चालणारी लस!

नाणं काढा. एकूण १२५, वर्गमूळ ११.२, निम्मं ५.६. अपेक्षा साडेबासष्टची, आले ५१, साडेअकराने कमी. साडेअकरा भागिले ५.६ म्हणजे २.०५. पी-व्हॅल्यू ०.०४. उंबरठ्याच्या आत, पण चौकटीला डोकं घासून. (चाचणी करणाऱ्यांनी वेळेचाही हिशोब धरणारी जरा वेगळी पद्धत वापरली होती, तरी त्यांचंही ०.०४ च आलं.)

पण हे आकडे सगळ्यांचे नव्हते. सात जण असे निघाले की ज्यांना चाचणीत घेतलं त्या वेळीच एचआयव्ही झालेला होता, पाच लस गटातले आणि दोन प्लासिबोवाले, त्यांना हिशोबातून काढलं होतं. काढणं तसं शहाणपणाचंच आहे, आधीच झालेल्याला लस काय करणार. पण सगळ्यांना धरून मोजलं तर ५६ विरुद्ध ७६, एकूण १३२, स्टँडर्ड डेव्हिएशन ५.७, फरक दहाचा, झेड १.७४, पी-व्हॅल्यू ०.०८. उंबरठ्याच्या बाहेर! सोळा हजारांतली सात माणसं आत घ्यायची की बाहेर ठेवायची ह्यावर जगातली पहिली लस "चालते" किंवा "सिद्ध झालं नाही" असं ठरत होतं. आधी फक्त गोड आकडा जाहीर केला आणि दुसरा नंतर बाहेर आला म्हणून तेव्हा बरीच टीकाही झाली. माझं मत विचाराल तर ०.०४ आणि ०.०८ ह्यांच्यात काही जमीन-अस्मानाचा फरक नाही, दोन्ही आकडे एकच सांगतायत की "काहीतरी असेल बहुतेक, पण घर बांधावं इतकं पक्कं नाही". सिग्निफिकंट की नॉट-सिग्निफिकंट अशा दोन खोक्यांत टाकायची सवय लागली की हे दिसेनासंच होतं.

पुढे काय झालं? त्याच धर्तीची लस दक्षिण आफ्रिकेतल्या विषाणूसाठी बदलून घेतली आणि २०१६ पासून तिथे पाच हजारांहून जास्त लोकांवर चाचणी सुरू केली. फेब्रुवारी २०२० मध्ये टोचणं थांबवलं. लस गटात १२९, प्लासिबो गटात १२३. एकूण २५२, निम्मं वर्गमूळ ७.९, अपेक्षेपासून फरक फक्त ३, झेड ०.४ सुद्धा नाही. लसवाल्यांना सहा जास्त झाले म्हणून "लसीने एचआयव्ही वाढला" अशी बोंब कोणी मारली तर त्याला हे ०.४ दाखवा, एवढा फरक दोन गटांना काहीच न देता रोज पडतो.

इथे एक सावधगिरी. झेड लहान आला म्हणजे "फरक नाही हे सिद्ध झालं" असं नसतं. कधी खरंच फरक नसतो आणि कधी फरक असतो पण दिसण्याइतकी माणसंच घेतलेली नसतात. सॉल्कच्या लसीचंच बघा, समजा पैसे वाचवायला दोन्ही गटांत दोन-दोन लाखांऐवजी दहा-दहा हजार पोरं घेतली असती. लस तेवढीच चांगली, पण केसेस आल्या असत्या साधारण ३ आणि ७. एकूण १०, निम्मं वर्गमूळ १.६, अपेक्षा पाचची आणि आले तीन, झेड सव्वा. पेपरात छापून आलं असतं की लसीचा परिणाम सिद्ध झाला नाही. वीस-वीस हजार घेतली असती तरी ६ विरुद्ध १४, झेड १.८, तरीही उंबरठ्याच्या बाहेरच. चार लाख पोरांना उगाच हौस म्हणून टोचलं नव्हतं, आजार इतका क्वचित की तेवढी घेतल्याशिवाय पुरेशा केसेसच हातात येत नाहीत. लक्षात घ्या, सगळ्या हिशोबात ताकद कशाची आहे, तर केसेसच्या संख्येची. "आमचा सर्व्हे दहा हजार लोकांचा आहे" ह्याने भारावून जाऊ नका, त्या दहा हजारांत ती गोष्ट किती जणांना झाली ते विचारा.

आता जे सगळ्यात जास्त चुकतं त्याकडे येतो, आणि ह्यासाठी परत १९५४ मध्ये जायला लागेल, कारण त्या चाचणीत एक तिसरा गटही होता ज्याच्याबद्दल वर्गात कोणी सांगत नाही. प्लासिबोवाल्या भागांत बऱ्याच आईबापांनी होकारच दिला नाही. अशी ३,३८,७७८ पोरं होती, त्यांना ना लस ना प्लासिबो, पण त्यांच्यातल्या केसेसही मोजल्या गेल्या. प्रमाण आलं लाखात ४६.

थांबा जरा. प्लासिबो घेतलेल्यांत लाखात ७१ आणि काहीच न घेतलेल्यांत ४६. दोघांनाही लस मिळालेली नाही. लसीचं संरक्षण दोघांनाही शून्य. तरी ७१ आणि ४६. झेड काढला तर साडेतीनच्या पुढे जातो, म्हणजे योगायोग म्हणायची सोय नाही, फरक खराखुरा आहे. मग काय, प्लासिबोच्या सुईने पोलिओ होतो?

नाही. होकार देणारे आईबाप आणि नकार देणारे आईबाप ही वेगळी माणसं होती. होकार देणारी कुटुंबं सरासरीने जास्त शिकलेली, बऱ्या कमाईची. आणि पोलिओ हा उफराटा आजार, जिथे स्वच्छता कमी तिथे पोराला अगदी तान्हेपणीच विषाणूची गाठ पडायची, तेव्हा अंगात आईकडून आलेल्या अँटिबॉडीज असायच्या, त्यामुळे फारसं काही न होता कायमचं संरक्षण मिळून जायचं. स्वच्छ घरातलं पोरगं शाळेत जाईपर्यंत विषाणूला भेटलेलंच नसायचं आणि मग भेट झाली की पाय जायचा. म्हणजे होकार देणाऱ्यांच्या पोरांना मुळातच धोका जास्त.

आता कल्पना करा, प्लासिबो गट ठेवलाच नसता आणि होकार दिलेल्या सगळ्यांना लस टोचून नकारवाल्यांशी तुलना केली असती, तर २८ विरुद्ध ४६. लस चालते असंच उत्तर आलं असतं पण धोका फक्त ३९ टक्क्यांनी कमी झाला असं दिसलं असतं, खरा ६० टक्क्यांनी झाला होता. आणि ही नुसती कल्पना नाही, देशाच्या दुसऱ्या भागांत साधारण असंच केलं होतं, होकार दिलेल्या दुसरीतल्या पोरांना लस आणि पहिली-तिसरीतल्या सगळ्या पोरांना, होकाराचा प्रश्नच न विचारता, तुलनेला धरलं. तिथे २५ विरुद्ध ५४ आलं. झेड तिथेही पाचाच्या पुढे. टेस्ट दोन्हीकडे पास, पण तुलनेच्या गटात नकारवालीही मिसळल्यामुळे लस होती त्यापेक्षा कमजोर दिसली. एवढं नशीब की चूक लसीच्या विरोधात गेली, आजार दुसरा असता तर बाजूनेही जाऊ शकली असती आणि निरुपयोगी औषध झेड पाच घेऊन बाजारात आलं असतं.

ह्याच बाबतीत आपल्याकडचं उदाहरण म्हणजे प्लेगची लस तयार करणारा शास्त्रज्ञ हाफकिन. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत ती लस त्याने आधी स्वतःला टोचली आणि मग महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी स्वतःहून पुढे आले त्यांना. टोचलेल्यांत आणि न टोचलेल्यांत फरक पडला आणि लस पुढे गावोगाव गेली. एकाच तुरुंगात, एकाच छपराखाली, एकच जेवण खाणारी माणसं घेतल्यामुळे तुलना बरीचशी बरोबरीची झाली, त्या काळाच्या मानाने डोकं भारी चाललं त्याचं, पण "स्वतःहून पुढे आलेले" ही फट राहिलीच.

तर झेड टेस्ट फक्त योगायोगाला बाद करते. फरक कशामुळे पडला हे ती सांगत नाही आणि सांगूही शकत नाही, ते ठरतं गट कसे पाडले त्यावरून. चिठ्ठ्या टाकून पाडले असतील तरच "लसीमुळे" म्हणता येतं. क्लास लावलेली पोरं आणि न लावलेली पोरं ह्यांच्या पास होण्याच्या टक्केवारीत झेड दहा आला तरी क्लासने काय केलं ते कळत नाही, क्लास लावणारी घरं कोणती हे आधी बघायला लागतं. जाहिराती ह्याच्यावरच चालतात.

दुसरी गोष्ट टेस्ट सांगत नाही ती म्हणजे फरक केवढा. समजा एका शॉपिंग ॲपने बटणाचा रंग बदलला, पन्नास लाख लोकांना जुना रंग दाखवला आणि पन्नास लाखांना नवा, खरेदी करणारे १०.०० टक्क्यांवरून १०.०६ टक्के झाले. झेड येईल तीनच्या वर, एकदम सिग्निफिकंट, आणि फरक दहा हजारात सहा माणसांचा. तो कामाचा आहे की नाही हे धंदा बघून ठरवा, झेड बघून नाही. वर असल्या ऑनलाइन टेस्टमध्ये लोक रोज सकाळी आकडा उघडून बघतात आणि ज्या दिवशी पी ०.०५ च्या खाली जाईल त्या दिवशी "जिंकलो" म्हणून थांबवतात. असं करून काहीही जिंकता येतं, योगायोग हेलकावे खात असतो आणि तुम्ही बरोबर त्याचं टोक पकडताय. किती माणसं घ्यायची ते आधी ठरवा आणि तेवढी झाल्यावरच बघा.

म्हणून झेडसोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक साधारण किती ते किती असू शकतो तो पट्टा, द्यायची पद्धत आहे आणि मला विचाराल तर तीच आधी वाचावी. सॉल्कच्या आकड्यांची करू. फरक लाखात ४२, स्टँडर्ड एरर ७, त्याची साधारण दुप्पट (१.९६ पट) म्हणजे १४. तर लाखात २८ ते ५६ केसेस टळत होत्या असं म्हणता येतं. (इथे स्टँडर्ड एरर काढताना मात्र दोन्ही गट एकत्र करायचे नाहीत, कारण आता आपण "सारखेच आहेत" हे धरून चाललेलो नाही, दोन्हीचा वेगवेगळा काढून त्यांच्या वर्गांची बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. ह्या उदाहरणात उत्तर तेच येतं म्हणून जाणवत नाही, पण परीक्षेत ह्यावर मार्क जातात.) शिवाय एक लाख भागिले ४२ म्हणजे त्या एका मोसमात एक केस टाळायला साधारण २,४०० पोरांना टोचायला लागलं. असे आकडे आईबापांना आणि सरकारला कळतात, झेड ६ कोणाला कळणार.

१२ एप्रिल १९५५ ला मिशिगन विद्यापीठात ह्या चाचणीचं मूल्यमापन करणाऱ्या थॉमस फ्रान्सिसने हा निकाल वाचून दाखवला. पाय लुळा पडणाऱ्या केसेस वेगळ्या काढल्या तर चित्र आणखी स्पष्ट होतं, लस गटात ३३, प्लासिबो गटात ११५. ह्याचा झेड आता तुम्हीच काढा, १४८ चं वर्गमूळ बारा पॉइंट दोन, उत्तर पावणेसातच्या जवळ यायला पाहिजे.

राहता राहिलं ही टेस्ट कधी वापरायची नाही ते. केसेस अगदीच कमी असतील, एखाद्या गटात अपेक्षित केसेस पाच सुद्धा नसतील, तर झेडच्या मागचं घंटेच्या आकाराच्या वक्राचं (बेल कर्व्ह) गणित नीट लागू पडत नाही, तिथे फिशरची एक्झॅक्ट टेस्ट वापरतात, ती कॉम्प्युटर करतो. टक्केवारी क्वचित घडणाऱ्या नव्हे तर उलट जवळपास सगळ्यांनाच होणाऱ्या गोष्टीची असेल, म्हणजे ९९ टक्के पास वगैरे, तर पास नाही, नापास किती ते मोजून हीच अट तपासा. आणि एकाच माणसाला दोनदा विचारलं असेल, म्हणजे "ट्रेनिंगच्या आधी किती जणांना जमत होतं आणि नंतर किती जणांना", तर ते दोन गट नाहीतच, एकच गट दोन वेळा आहे, त्याला झेड टेस्ट लावली तर उत्तर चुकीचं येणार. तिथे ज्यांचं उत्तर बदललं तेवढेच मोजतात, आधी जमत नव्हतं आणि आता जमतंय असे किती, आणि आधी जमत होतं आणि आता बिघडलं असे किती, ज्यांचं काहीच बदललं नाही ते बाजूला. मॅकनेमार टेस्ट म्हणतात तिला, आणि तिचं गणित? बदललेले एकूण जितके तितक्या वेळा नाणं उडवायचं.